कुंभाराचा बाप

तेजश्रीला दिवसातून आठशे वेळा एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तराला बटणं होती दोन. हिरवं म्हणजे काम. लाल म्हणजे काम नाही.

महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिच्यासमोर बारा-बारा सेकंदांच्या क्लिप यायच्या. कुठल्या तरी गोदामातल्या कॅमेऱ्याच्या. माणसं ट्रकमधून पोती उतरवताहेत, आत नेताहेत. आवाज नाही, चेहरे पुसलेले. प्रत्येक माणसाभोवती एक चौकट, आणि त्या चौकटीला तेजश्रीने रंग द्यायचा. तिच्या रंगांवरून मशीन शिकणार होतं, आणि मग कोण काम करतं नि कोण करत नाही हे गोदामाला मशीनच सांगणार होतं.

त्याआधी एकोणीस वर्षं ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. तेही तासिका तत्त्वावर. तास झाला तर मॅडम, नाही झाला तर व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई. शेवटच्या वर्षी वर्गात चार मुलं उरली. दोघांनी चुकून नाव घातलं होतं, एक झोपाळू होता, आणि चौथी शिरवण्याची नमिता. त्या खोलीत एसी आहे म्हणून आपण बसतो, हे तिने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. विषय बंद पडला. दोन वर्षं तेजश्री घरी बसली. मग नमितानेच फोन केला. ती आता इथे टीम लीडर होती.

"या ना मॅडम," ती म्हणाली. "एसी आहे."

पहिल्या महिन्यात तेजश्रीने नाव काढलं. नियमांचा कागद तिने एका संध्याकाळी पाठ केला. उचलणे, वाहणे, ठेवणे, रचणे म्हणजे काम. उभे राहणे, बसणे, बोलणे, दुसऱ्या माणसाला हात लावणे म्हणजे काम नाही. बाकीच्या मुली घुटमळायच्या, ही घुटमळायची नाही. जन्मभर व्याख्या शिकवलेली बाई, एकदा व्याख्या हातात आली की तिला कोण अडवणार? अठ्ठ्याण्णव टक्के अचूक. नमिताने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून तिला चॉकलेटचा डबा दिला. त्यातली दोन घरी हौसेरावांनी खाल्ली, वरचा चकचकीत कागदसुद्धा चाटून.

हौसेराव म्हणजे तेजश्रीचे सासरे. साताऱ्याकडून विसाव्या वर्षी आलेले, चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेले. साठीला गुडघा गेला, पण तुर्भ्याच्या गोदामातल्या त्यांच्या हमालांच्या टोळीने त्यांना घरी पाठवलं नाही. त्यांच्या टोळीत तशी रीतच नव्हती. ज्याच्याने उचलणं होत नाही त्याला ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभं करायचं. गड्याच्या पाठीवर पोतं आलं की हौसेराव ते खालून चाचपायचे, कुठे कलतंय का बघायचे, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चल." ती थाप पडेपर्यंत कोणी पाऊल उचलत नसे. कोणाचा गुडघा कुरकुरतोय, कोण आदल्या रात्री पिऊन आलाय, कोणाचं घरी भांडण झालंय, हे त्यांना तळहाताला कळायचं. अशाला ते थाप द्यायचेच नाहीत. "खाली ठेव, पानी पी," म्हणायचे. आठ वर्षांत त्यांच्या फाळक्यावरून निघालेला एकही माणूस पोत्याखाली आला नव्हता. टोळीत त्यांचा वाटा सगळ्यांइतकाच होता, आणि तो कमी करावा असं कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तेजश्रीच्या पडद्यावर एक क्लिप आली. ट्रकच्या मागे एक म्हातारा उभा. समोरून जाणाऱ्याच्या पाठीला हात लावतो. दुसऱ्या माणसाला हात लावणे. बोट लाल बटणाकडे निघालं होतं. तेवढ्यात म्हातारा वळला, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशावर तिला पोपटी ठिगळ दिसलं. ते तिच्याच जुन्या ब्लाउजचं होतं. दिवाळीआधी तिनेच लावलं होतं.

गोदाम तुर्भ्याचं होतं तर. आणि ट्रकमागचा हा म्हातारा तिला नवा नव्हता. सदरा रोज बदलायचा, चेहरा पुसलेला असायचा, पण उभं राहण्याची ढब तीच. गेले चार आठवडे ती त्याला दिवसातून पन्नासदा लाल करत होती.

त्या दिवसापासून तिने हौसेरावांना हिरवं द्यायला सुरुवात केली. मशीन म्हणायचं, चूक. ती पुन्हा हिरवं द्यायची. खाली शेरा लिहायला एक चौकोन होता, दोनशे अक्षरांचा. ती त्यात लिहायची. 'हा माणूस उभा नाही, दुसऱ्याचा तोल बघतो आहे.' 'उचलणाऱ्याचं पाऊल ज्याच्यामुळे सरळ पडतं त्याचा त्या पावलात वाटा नाही का?' 'उचललेलं दिसतं. न पडलेलं कोणत्या कॅमेऱ्यात दिसेल?' एकोणीस वर्षांत वर्गात जमलं नव्हतं इतकं नेमकं ती त्या दोनशे अक्षरांत लिहू लागली. घरी जाताना बसमध्ये ती दुसऱ्या दिवशीचे शेरे मनात जुळवायची. खूप वर्षांनी तिला कामावर यावंसं वाटत होतं.

दहाव्या दिवशी नमिताने तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका, पण तुमचा स्कोअर बघा. एक्क्याण्णव. नव्वदच्या खाली गेला ना, की वरून माझी वाजवतात."

"मी शेऱ्यात सगळं लिहिलंय, नमिता. वाचलं का कोणी?"

नमिता पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. "तो बॉक्स कुठेच जात नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"सेव्हच होत नाही. लिहिणाऱ्याला बरं वाटतं म्हणून ठेवलाय."

आपण एकोणीस वर्षं नोकरी केली ती याच चौकोनात, असं तेजश्रीच्या मनात आलं. ती मोठ्याने म्हणाली, "एक क्लिप तिघांकडे जाते ना? दुसऱ्या दोघांची नावं दे. मी बोलते त्यांच्याशी."

"आधी माणसं होती. आता ती दोन मतं मशीनचीच." मग नमिताचा चेहरा उजळला, काही तरी चांगलं सांगायला सापडल्यासारखा. "आणि ते शिकलंय कुणाकडनं, माहितीय? पहिल्या महिन्यात अठ्ठ्याण्णववाल्या तुम्ही एकट्याच. तुमचंच धरलंय सगळं. एकदम तुमच्यासारखं आहे, मॅडम. स्ट्रिक्ट. अजिबात ऐकत नाही."

रविवारी टोळीचा मुकादम विश्वजित कोपरखैरण्याला घरी आला. चाळिशीचा दांडगा गडी, पण सोफ्याच्या कडेवर असा बसला की जणू सोफा कोणी तरी मागून घेऊन जाणार आहे. सासूबाईंनी, राहीबाईंनी, चहा ठेवला. त्याने कप हातात धरला आणि पिईना.

"बोल की," हौसेराव म्हणाले. "कोन मेलं का?"

"तात्या, गोदामवाल्यांचा कागद आलाय. कोनाचं काम किती, त्याचा. तुमचं चार टक्के दाखवतंय."

"चार?" हौसेरावांना नवल वाटलं. "मी तर काईच उचलत न्हाय. चार कुठनं आलं?"

"तुमी पान्याचा जार उचलून आत ठिवला हुता त्येचं."

राहीबाई हसल्या. "बघा. चाळीस वरसं घरात पान्याचा तांब्या उचलला न्हाय, आन् तिथं जार उचलत्यात."

विश्वजित हसला नाही. "दहाच्या खाली असलेला मानूस टोळीत चालनार न्हाय म्हनत्यात. लै भांडलो, तात्या. वाटा आमी आमच्यातनं देतो म्हनलं. पर गेटातनं आत घेनार न्हाईत. ह्यो आठवडा बगनार, आन् मग..." त्याने गार चहा एका घोटात संपवला आणि जाताना हौसेरावांच्या पाया पडला, जे त्याने याआधी फक्त दसऱ्याला केलं होतं.

तो गेल्यावर तेजश्रीने सांगून टाकलं. सगळं. पोपटी ठिगळ, आधीचे चार आठवडे, चॉकलेटचा डबा. सांगताना ती मास्तरणीसारखी बोलत होती, क्रमाने, कारण तसं बोललं नसतं तर तिला रडू आलं असतं.

हौसेराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोनच बटनं दिली तुला. तू तरी काय करनार?"

"मला कळायला हवं होतं, मामा. मी हेच शिकवायचे." आणि तिने त्यांना मडक्याचा धडा सांगितला. जुने नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, विचारायचे, मडकं कशामुळे होतं? माती लागते, चाक लागतं, काठी लागते, कुंभार लागतो. ही सगळी कारणं. पण कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता. तरी मडक्याच्या कारणांत त्याला धरत नाहीत. माती वाहून आणणाऱ्या गाढवालाही धरत नाहीत. त्याला शब्द आहे, अन्यथासिद्ध. असला काय, नसला काय, मडक्याच्या हिशेबी सारखाच. "गाढवावर पोरं हसायची, म्हणून मी दरवर्षी ते रंगवून सांगायचे. बापावर कधी थांबलेच नाही."

"माती काय कुंभारानं डोक्यावर आनली व्हय?"

"नाही. गाढवानं."

"मग झालं की." हौसेराव गुडघा चोळू लागले. "तुज्या त्या जुन्या लोकांत बापाला धरत न्हाईत आन् गाढवाला बी न्हाईत. ह्या मशिनीत कसं हाय?"

"मामा, तुम्ही पाठीऐवजी पोत्यावर हात ठेवा. नुसता ठेवा. माणसाला हात लागला की लाल होतं, नुसत्या पोत्याला लागला तर थोडंफार धरतं."

"पोत्याला काय कळतंय, चल म्हनलेलं?" ते म्हणाले. आणि मग, सहज, बाजारात भाव विचारावा तसं, "उचललं की धरतंय?"

तेजश्रीने उत्तर दिलं. प्रश्नाला बरोबर उत्तर द्यायची सवयच होती तिला. "धरतं."

"मग गाढवाला धरत्यात म्हन की."

राहीबाई आतून ओरडल्या, "गुडघ्याचं काय मग?" पण हौसेराव टीव्ही लावायला उठले होते.

गुरुवारी अकराच्या सुमारास ती क्लिप आली. आता मशीन रंग आधीच भरून द्यायचं. तेजश्रीने फक्त 'मान्य' दाबायचं. चाळीस सेकंदांत दाबलं नाही, तर ते मान्यच धरलं जायचं.

ट्रकमागे पाच माणसं. हौसेराव पाठ वाकवून फाळक्याशी उभे, आणि वरचा गडी, ज्याचे नुसते हात क्लिपमध्ये दिसतात, त्यांच्या पाठीवर पोतं ठेवतोय. अगदी हळू, जसं निजलेलं मूल ठेवावं. पोतं बसलं. हौसेराव हलेनात. तिला वाटलं, गुडघ्यात कळ आली. तसं नव्हतं. ते थांबले होते. फाळक्याशी थाप मारायला कोणी नव्हतं, आणि थाप पडल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे बाकीच्यांना त्यांनीच शिकवलेलं. बाकीचे आपापलं टाकून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. ट्रक थांबला, पोती थांबली. सहाव्या-सातव्या सेकंदाला विश्वजित धावत आला, पोतं खालून चाचपलं, आणि हौसेरावांच्या पाठीवर हात ठेवला. थाप नव्हे. नुसता ठेवला. हौसेराव चालू लागले. दुसऱ्या पावलाला गुडघा आत वळला, तिसऱ्याला सावरला, आणि क्लिप संपली.

पाच चौकटी. चार लाल. त्यांतल्या विश्वजितच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'दुसऱ्या माणसाला हात लावणे'. पाचवी हिरवी.

नियमाप्रमाणे काही चूक नव्हतं. ती असती तर तिनेही हेच दिलं असतं, आणि तीच तर होती. तिने शेऱ्याच्या चौकोनात कर्सर नेला. कोपऱ्यातले सेकंद उतरत होते. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिली. एकावरून शून्य झालं, चौकटी आपोआप मान्य झाल्या, आणि दुसरं कुठलं तरी गोदाम आलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा हौसेराव जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि राहीबाई तोंडाने बडबडत गुडघ्याला तेल लावत होत्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. तेजश्रीने पर्स ठेवली, चपला काढल्या, पाणी प्यायली. तिला जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला.

"अठरा उचलली," हौसेराव म्हणाले. "धरलं का गं?"

त्यांच्या सदऱ्याचा खिसा ठिगळापाशी पुन्हा उसवला होता. शिवायला सदरा मागून घ्यावा की नको, हे तिला ठरवता येईना.

"धरलं, मामा."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि राहीबाईंचा हात बाजूला सारून पाय जरा वाकवून बघितला.

"मग उद्या बी जातो," ते म्हणाले.