हलका पेशंट

खरं सांगू? हे सांगायचंच नव्हतं मला. खुर्चीचं कोण ऐकतंय, म्हणून गप्प बसणार होते. पण येत्या रविवारी परत सराव आहे म्हणे. मग म्हटलं, आता बोलावंच लागेल.

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची खुर्ची आहे. लाल. म्हणजे होते लाल, आता उन्हाने फिकी पडलेय. पुढच्या डाव्या पायाला तारेचे वेढे आहेत. ते का, ते कळेलच.

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. दाणे वितळवले, साच्यात दाबले, झाली खुर्ची. मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी. एकमेकींच्या मांडीवर बसवून आम्हाला टेम्पोत भरलं. कौतुक झालं ते खारी गावातल्या हळदीत. डीजे असा की उभ्या जागी माझे पाय थरथरायचे. भलीभली माणसं बसली, पोटभर जेवली, मी कुरकुरले नाही. मंडपवाला म्हणायचा, "ही लालवाली एकदम कडक."

त्याने जुना माल काढला तेव्हा मी खारीतल्याच एका चार मजली बिल्डिंगच्या गेटवर आले. लिफ्ट नाही. तिथे मला मैत्रीण मिळाली. तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाकाकी. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्याच घरची, भाताची. बदल्यात वरचा फ्लॅट मिळाला. काकी अंगाने भरलेल्या. रोज संध्याकाळी धपकन बसायच्या आणि माझा हात थोपटायच्या. "तूच एक माजा भार सोसतेस, बाय."

येणाऱ्या-जाणाऱ्याला चिडवायच्या. दुसऱ्या मजल्यावरचा निकेत कॉलेजला निघाला की हमखास. पोरगा एकदम काटकुळा. "काय रं निकेत, वारा सुटलाय, खिशात दगडं भरून जा!"

"काकी, तुम्ही धरून ठेवा ना मला."

मग काकींचे गुडघे गेले. जिना बंद झाला. त्या वर, मी खाली.

मागच्या वर्षी पलीकडच्या बिल्डिंगला आग लागली, तेव्हा आमच्या सोसायटीला जाग आली. सराव ठरला. शिकवायला एक सर आले. म्हणाले, ज्यांना चालता येत नाही त्यांना खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी उचलून उतरवायचं. गेटवरून मला उचललं. किती खूश झाले होते मी!

"असं कोण आहे तुमच्याकडे?" सरांनी विचारलं.

"एक काकी आहेत," सेक्रेटरी कुलदीप हसला, "पण त्यांना क्रेन लागेल सर. उगाच म्हातारीला त्रास. ए निकेत, तू बस. पेशंट बन."

"ज्याला उतरवायचंय, त्यालाच उतरवून बघा हो."

"ते ऐनवेळी बघू ना सर."

चौथ्या मजल्यावरून वरात निघाली. निकेत माझ्यावर मान टाकून, जीभ बाहेर काढून पडलेला. कोणीतरी शूटिंग करतंय. तिसऱ्या मजल्यावर काकींचं दार उघडं. काकी चौकट धरून उभ्या. नवी साडी, केसात अबोली. सून चांदणीने त्यांना सांगितलं होतं, आज तुम्हाला खाली नेणार.

"काकी, साइड साइड! पेशंट आहे!" कुलदीप ओरडला.

"ह्यो पेशंट हाय का वाळलेला बोंबील?" काकी म्हणाल्या. सगळे हसले. त्यापण हसल्या.

आम्ही पुढे गेल्यावर मागून हळूच आवाज आला, "मना न्हाय न्यायचं?"

निकेतची जीभ आत गेली. बाकी कोणी ऐकलं नाही.

खाली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चपलांचं लोखंडी कपाट. सर म्हणाले, हे आधी हलवा. कुलदीप म्हणाला, हलवतो. पण तोपर्यंत पोरांनी निकेतसकट मला डोक्यावर घेऊन कपाटावरून पार केलं होतं. "बघा सर, निघालं की!"

टाळ्या. फोटो. कपाट तिथेच.

आणि मग मे महिन्यातल्या एका दुपारी चौथ्या मजल्यावर एसी पेटला. धूर जिन्यात. निम्मी माणसं कामावर. कुलदीप, निकेत, वॉचमन महिपत आणि वरचा एक भाडेकरू मला घेऊन वर धावले. काकी बसल्या. ओळखीचं वजन. मला वाटलं, नेते मी हिला, नक्की नेते.

वळणावर अडकलो.

"उचल ना!"

"अरे कशी उचलू? तू तिरकी कर!"

"अहो तिरकी केली तर पडतील त्या!"

डोक्यावर घ्यायला काकी काय निकेत होत्या? ओढाताणीत माझा पाय कपाटात अडकला. कडाड. काकी कमरेवर पायरीवर आपटल्या. "मी बंबवाल्यांना आणतो," म्हणत कुलदीप खाली गेला. त्याच्या मागे भाडेकरू.

"निकेत, तू जा रं," काकी खोकत म्हणाल्या. "हलका हायस. पळशील."

तो गेला नाही. त्यांच्या मागे बसला, काखेत हात घातले आणि एकेक पायरी घसरत त्यांना खाली आणलं. महिपतने पाय धरले होते. प्रत्येक पायरीला काकी ओरडत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

वाचल्या. ऑपरेशन झालं. गेटवर बॅनर लागला, 'यशस्वी बचाव'. त्यावर फोटो सरावाचा. माझ्यावर निकेत. त्याच आठवड्यात कपाटाला नवा रंग मारला. जागा तीच.

निकेतने माझा पाय तारेने बांधला आणि मला काकींच्या पलंगाशी आणून ठेवलं. काल कुलदीप आला.

"काकी, रविवारी सर परत येतायत. खुर्ची लागेल जरा."

"आन मी?"

"हाड आता कुठे जुळतंय तुमचं. पुढच्या वेळी नक्की."

"मी नाही बसणार यावेळी," निकेत दारातूनच बोलला.

"नको बसू. हलका दुसरा कोणीतरी मिळेल."

काकींनी माझा हात थोपटला. "जा बाय. उतरव त्यांच्या पेशंटला."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगत नाही. प्लास्टिक आहे, आज ना उद्या भंगारात जाणार. पण तुमच्या बिल्डिंगमध्येपण कोणीतरी नवी साडी नेसून दारात उभं असेल. त्यांना आधी उतरवून बघा. जड वाटतील, लाज वाटेल, वेळ लागेल. लागू दे. आणि जिन्यातलं ते कपाट आजच काढा.

काकी, तुम्हाला वचन देते. रविवारी तो हलका माणूस बसेल ना, त्याला उचलायच्या आधीच, तिथेच जमिनीवर, सरांच्या डोळ्यांसमोर हा तारेचा पाय मी सोडून देईन. परत कधी तुमच्याखाली मोडण्यापेक्षा त्यांच्यासमोर मोडलेलं बरं.