तेरा वर्षांचं मशीन

वल्लभभाईंची पहिली लाथ कॉम्प्युटरला बसली नाही, मनसुखच्या बरगडीत बसली. दुसरी कॉम्प्युटरला.

दुपारची वेळ होती. सुरतेत वराछातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर रसीला सकाळपासून एका घागऱ्याच्या काठाची नक्षी काढत बसली होती, आणि कॉम्प्युटर चौथ्यांदा गोठला होता. खाली कारखान्यात भरतकामाची यंत्रं नक्षीवाचून ताटकळत उभी. लग्नसराईचे दिवस. व्यापाऱ्याने फोनवर वल्लभभाईंना शिव्या घातल्या होत्या. आणि वल्लभभाईंना कुणी शिवी घातली की ते ती कुणाच्या तरी अंगावर हाताने उतरवत. बहुतेक वेळा ते अंग धाकट्या भावाचं असे.

"हा डबा अजून घरात का आहे?" ते मनसुखवर ओरडले. "तेरा वर्षं झाली! बैलसुद्धा इतकी वर्षं पोसत नाही कुणी. सांग तुझ्या बायकोला, नवीन येतोय. हा भंगारात."

मनसुख बरगडी धरून भिंतीला टेकला होता. रसीलाने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना सांगा, हे फेकलं तर माझ्या सगळ्या नक्ष्या फुकट जातील. मागचं ते कुलूप नवीन मशीनला बसत नाही."

जेठ, म्हणजे थोरले दीर, दोन हातांवर उभे होते, सगळं ऐकत होते. पण एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. घरची रीतच तशी. तिचं म्हणणं मनसुखच्या तोंडून जायचं, आणि जाता जाता त्याची धार मरायची.

"मोटाभाई, ती म्हणते..."

"ऐकलं मी!" कानाखाली आवाज निघाला. मनसुखचा चष्मा खाटेखाली गेला.

सासू जमकूबा दाराशी गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मोठा आहे. हात उचलणारच. त्याचा मार खाऊनच हा माणसात आलाय."

रसीलाचं म्हणणं खोटं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीला काडेपेटीएवढी हिरवी खुंटी लावलेली होती. ती असेल तरच नक्षीचं सॉफ्टवेअर उघडायचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि त्या खुंटीची रुंद खाच नव्या मशीनना येतच नव्हती. आत तीन हजारांवर नक्ष्या होत्या: मोर, कैऱ्या, वेलबुट्ट्या, एकेक टाका तिने आपल्या बोटाने बसवलेला.

दुसऱ्या दिवशी वल्लभभाई मुंबईला गेले, तेव्हा नवरा-बायको कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून स्कूटरवरून झांपाबाजारात हातिमभाईंकडे गेले. खड्डा आला की मनसुख दात आवळायचा.

हातिमभाई साठीचे बोहरी गृहस्थ. सोनेरी काठाची टोपी, नाकावर भिंग. त्यांनी झाकण उघडलं आणि आत फुंकर मारली. जरीचा भुगा उडाला.

"या खुदा! बहन, ह्याच्या पोटात तर अख्खी साडी आहे."

"वाचेल का?"

"वाचवायचा म्हटलं तर वाचेल. मेमरी वाढवतो, जुनी डिस्क काढून वेगवान घालतो, पॉवर सप्लाय बदलतो. घोड्यासारखा पळेल. पण हा बोर्ड बघ, ही नळकांडी पुरीसारखी फुगलीत. वर्ष काढेल, दोन काढेल. फुटली की खेळ खलास."

"आणि नवीन घेतला तर?"

"मग सॉफ्टवेअर नवीन, बोटांची सवय नवीन. जुन्या नक्ष्या यंत्रावर शिवता येतील, पण त्यातलं एक पान इकडचं तिकडे करता येणार नाही."

"तुमचा असता तर?"

हातिमभाईंनी पत्र्यावरचा बुटाचा खड्डा अंगठ्याने चाचपला. मग मनसुखच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "माझा असता तर मी बदलला असता. पण आपल्या मनाने, आपल्या दिवशी. कुणी लाथ मारली म्हणून नाही."

"मग दुरुस्तच करा," रसीला म्हणाली.

कॉम्प्युटर खरंच पळू लागला. दूध उतू जायच्या आत सुरू व्हायचा. रसीलाने दोन दिवसांत चार नक्ष्या खाली पाठवल्या. तिला वाटलं, काम वेळेवर मिळालं की जेठही शांत होतील.

तिसऱ्या दिवशी मनसुख जेवायला वर आला तो पानावर बसून नुसता रोटला मोडत राहिला.

"काय झालं?"

"नवीन कॉम्प्युटर आलाय. खाली, काचेच्या केबिनमध्ये. एक डिझायनरही ठेवलाय, अमरोलीचा. तो विचारत होता, भाभींची डिस्क कधी मिळणार."

रसीलाच्या हातातली ताकाची वाटी तशीच राहिली. "माझी डिस्क? आणि मी?"

"मोटाभाई म्हणतात, व्यापारी हल्ली रसीलाबेनची नक्षी पाहिजे म्हणून तुझं नाव घेऊन मागतात. घरातल्या बाईचं नाव बाजारात नको. तू आता बांना स्वयंपाकात..."

"तुम्ही काय बोललात?"

मनसुख काहीच बोलला नव्हता. ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तिने त्याचं ताट उचललं नाही, त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून खाली गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाला म्हणाला, "डिस्क मिळणार नाही."

त्यानंतर जिन्यावर बुटांचा आवाज आला तो वर रसीलाला ऐकू आला. पुढे मनसुख, त्याच्यामागे वल्लभभाई. त्यांच्या हातात यंत्राच्या चौकटीची लोखंडी पट्टी होती.

"मिळणार नाही? मला? माझं मीठ खाऊन मलाच?"

पट्टी वर गेली. मनसुखने डोक्यावर हात घेतला. मनगटातून सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, आणि तो गुडघ्यांवर बसला. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा पाठीवर.

मग वल्लभभाई टेबलाकडे वळले. रसीला मध्ये उभी राहिली. पदर ओढायला हात वर गेला, आणि अर्ध्यावरच थांबला. तिने पदर मागे टाकला.

"वल्लभभाई," ती म्हणाली, "हात लावून बघा."

वल्लभभाई क्षणभर थिजले. या बाईचा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. मग त्यांनी तिचा अंबाडा मुठीत पकडला आणि तिला भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. तिला बाजूला भिरकावून त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी कॉम्प्युटरवर घातली. पडदा फुटला. पत्रा चेपला. आतून काहीतरी तडकलं आणि पंख्याची घरघर बंद पडली.

रसीला टेबलाखाली पडली होती. तिच्या हाताला यूपीएस लागला, विटेसारखा जड, आत बॅटरी. तिने वायर उपटली, तो दोन्ही हातांत धरला आणि जमिनीवरूनच, होता नव्हता तेवढा जोर लावून, वल्लभभाईंच्या गुडघ्यावर हाणला.

ते कोसळले. बैल कोसळावा तसे, आधी पाय, मग धड. पट्टी खणखणत दूर गेली. ते "बा! बा!" म्हणून ओरडू लागले.

रसीला उठली. यूपीएस हातातच होता. तिने तो परत वर उचलला. खाली जेठांचं डोकं होतं, तेल लावून चापून बसवलेले केस, कानामागे जुना व्रण. एकोणीस वर्षं तिने ह्या माणसाच्या पावलांकडेच पाहिलं होतं. आज डोकं खाली आलं होतं. तिला राग येत नव्हता. हेच तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की त्या क्षणी राग कुठेच नव्हता. नुसती हौस होती. कलिंगड फोडावं तशी.

"रसीला." मनसुख जमिनीवरून म्हणाला. "बस्स. रसीला, बस्स."

दारात जमकूबा उभ्या होत्या.

तिने यूपीएस खाली ठेवला. मग मोरीत जाऊन ओकली.

इस्पितळात जमकूबांनीच सांगितलं की तिघंही जिन्यावरून पडले. डॉक्टरने रसीलाच्या भुवईला टाके घालताना तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, पण जास्त विचारलं नाही. वल्लभभाईंच्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. त्यांनीही पोलिसांचं नाव काढलं नाही. भावजयीने लोळवलं हे कुणाच्या तोंडाने सांगणार?

त्याच आठवड्यात मनसुख आणि रसीला कतारगामला दोन खोल्यांत राहायला गेले. भांडी, गाद्या आणि चादरीत गुंडाळलेला तो चेपलेला डबा, एवढंच बरोबर नेलं.

हातिमभाईंनी तो उघडला आणि बोर्डवरून बोट फिरवलं.

"बोर्ड मधोमध तडकलाय," ते म्हणाले. "डिस्क मात्र जिवंत आहे. ती हिरवी खुंटीपण शाबूत आहे. तसा जुना बोर्ड मी शोधून आणतो, आठ-दहा दिवस दे. पुन्हा उभा करू ह्याला. तुझा जीव आहे ना ह्याच्यावर."

"नको," रसीला म्हणाली. "नवीन द्या."

"आणि नक्ष्या?"

"शिवता येतील तशा उतरवून द्या. बदलायच्या असतील त्या परत काढीन."

"बहन, तीन हजार!"

"हातिमभाई, ह्या डब्यापायी मी एका माणसाचं डोकं फोडायला निघाले होते." ती खालच्या आवाजात बोलत होती. "हा समोर असला की मला तेच दिसणार."

हातिमभाईंनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग आत जाऊन त्यांनी नव्या मशीनचं खोकं आणलं.

नवं सॉफ्टवेअर हाताला यायला दोन महिने गेले. जुन्या मशीनवर डोळे मिटून करायची ती गोष्ट इथे शोधावी लागे. पहिला मोर काढला तो बदकासारखा दिसला. मनसुखला हसू आलं, तिलाही आलं. त्याचं मनगट वाकडं जुळलं होतं. तो डाव्या हाताने चहा करायला शिकला. नावाने काम मागणारे व्यापारी पत्ता शोधत कतारगामला आले. पण शेजारी कुणी दार आपटलं की रसीलाचा हात माऊसवर थिजायचा, आणि दुसरा हात आपोआप टेबलाखाली काहीतरी चाचपायचा. ते तिने मनसुखला सांगितलं नाही.

श्रावण संपता संपता एका सकाळी दार वाजलं. जमकूबा एकट्याच, कापडी पिशवी घेऊन उभ्या. तीन जिने चढून धाप लागली होती. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती, निळी पडलेली.

मनसुख पुढे झाला. "बा! कोणी..."

"जिन्यावरून पडले," त्या म्हणाल्या. आणि मग सुनेकडे वळल्या. "भाकरी जरा करपली होती, बेटा. एवढंच."

रसीला खुर्चीवरून उठली. एकोणीस वर्षांत ह्या बाईने एकदाही मध्ये पडून "पुरे" म्हटलं नव्हतं. ते सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण समोर गाल होता. ती पुढे गेली, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "बसा, बा. बर्फ आणते."