उलटा स्वेटर

आजचा तास साधला तर प्रमोदिनीला पुढच्या वर्षी कायमची नोकरी, स्टाफरूममध्ये हक्काचा कप आणि नवऱ्याच्या ‘तुझं ते टेम्पररी’ या पालुपदापासून सुटका, एवढं सगळं मिळणार होतं. तिच्या लेकीला, रेवाला, मिळण्यासारखं काही नव्हतं. गमावण्यासारखं मात्र होतं. म्हणून आयर्लंडच्या कॉर्कमधल्या त्या शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच ती गाडीतून उतरत होती.

“रिमेंबर, यू डोन्ट नो मी.”

“अगं, जन्म दिलाय तुला!”

“ग्रँड. बट नॉट इन स्कूल.”

हा करार सप्टेंबरपासून पाळला जात होता. आडनावं वेगळी, त्यामुळे सोपंही होतं. रेवा मागच्या बाकावर बसून आईला ‘मिस’ म्हणायची आणि प्रमोदिनी त्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवायची. वर्गात आयरिश मुलांबरोबर पोलंड, नायजेरिया, ब्राझील, युक्रेन असं सगळं मिसळलेलं. आज त्यांच्या मागे मुख्याध्यापिका मिसेस क्रोनिन पेन उघडून बसल्या होत्या.

विषय होता, न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेट, जिथे अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्यांची तपासणी व्हायची. प्रमोदिनी झाली तपासनीस, मुलं झाली बोटीतून उतरलेली माणसं. ज्याच्या तब्येतीची शंका येई, त्याच्या कोटावर तिथले डॉक्टर खडूने खूण करून त्याला बाजूला काढत. शाळेत खडू मिळेना, म्हणून तिने लहान मुलांचा गुलाबी खडू आणला होता. टोबेच्या खांद्यावर खूण झाली. तो लंगडत, खोकत बाजूला गेला. वर्ग हसला.

मग तिने युक्रेनच्या दारिनाच्या निळ्या स्वेटरवर रेघ ओढली.

दारिना हसली नाही. “सीमेवर माझ्या बाबांना असंच बाजूला काढलं, मिस,” ती म्हणाली. “आम्ही पुढे आलो. ते नाही.”

खडू प्रमोदिनीच्या हातातच राहिला. तिने “सॉरी” म्हटलं आणि पुढचं सगळं इंग्रजी तिला सोडून गेलं. मागचं पेनही थांबलं.

घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी रेवा तेव्हा उभी राहिली. मिसेस क्रोनिनना कळू नये, म्हणून मराठीत म्हणाली, “आई, ते कोटाचं सांग ना! उलटा घालायचे ते. काल जेवताना सांगितलंस तू.”

सगळ्या माना रेवाकडे वळल्या. ‘आई’ म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

प्रमोदिनीचा आवाज परतला. तिने सांगितलं, की काही जण गर्दीत कोट काढायचे, उलटा करून चढवायचे. खूण आत जायची आणि माणूस पुढे.

दारिनाने स्वेटर काढला, उलटा केला आणि घातला. मग टोबेने. मग सगळ्यांनीच. गळ्यापाशी लेबलं लोंबत होती.

“मिसेस क्रोनिन, तुमचा कोट?” टोबेने विचारलं.

“अस्तर फाटलंय रे माझं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन मिटलं.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी सवयीने कोपऱ्यावर थांबली.

“पोरी, तुझे उपकार कसे फेडू?”

“आता इथे उतरून काय उपयोग?” रेवा मराठीतच म्हणाली. “गेटपर्यंत चल.”

गेटपाशी टोबे हात हलवत ओरडला, “मॉर्निंग, आई!” त्याच्यामागून दारिनाही हळूच तेच म्हणाली.

नोकरी प्रमोदिनीला मिळाली. किंमत मोजली ती रेवाने: कालपर्यंत तिच्या एकटीची असलेली आई आता अख्ख्या वर्गात वाटली गेली होती.