सत्यफळ आणि नरहरमास्तरांची जीभ

काशीत अहिल्याबाई घाटावरच्या गल्लीत, नरहरमास्तरांच्या अंगणात अख्खा मोहल्ला लोटला होता. मधोमध पाटावर बसलेले बाबा जांभळ्या रसाची वाटी उंचावून गर्जत होते, "मलय देश के जंगल का सत्यफल! सच्चे की जीभ लाल, झूठे की नीली! न गवाह चाहिए, न वकील!"

मास्तरांच्या सुनेची, मालविकाची, नथ हरवली होती. संशय होता स्वयंपाकाच्या अन्नपूर्णाबाईंवर. जीभ निळी झाली तर त्यांचं काम जाणार होतं, आणि मग गल्लीतल्या एकाही घरानं त्यांना चुलीपाशी उभं केलं नसतं.

मास्तरांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. 'असल्या भोंदूगिरीला मी भीक घालत नाही,' असं ते दिसेल त्याला ऐकवत. पण बायकोनं, इंदूताईंनी, डोळे वटारताच बाबांसाठी पाट मांडला तो त्यांनीच.

बाबा आधी प्रत्येकाला आपल्या हातानं विड्याचं पान देत. काशीत पानाला नाही कोण म्हणतं? पान चघळून टाकायचं, मग रसाचा घोट. मालविकाची जीभ लाल. शेजारच्या विश्वजीतची लाल. अन्नपूर्णाबाईंची निळीशार!

"देखा?" गर्दी ओरडली. मोबाइल उंचावले. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. मास्तरांना फार वाईट वाटलं, तरी मनात आलंच, 'बाई दिसते तशी नसावी.' रसायनशास्त्र केव्हाच गंगेला मिळालं होतं.

"अब मास्टरजी! इनकी तो लाल ही होगी," बाबा आदरानं म्हणाले. मास्तरांनी पान चघळलं, घोट घेतला आणि ऐटीत जीभ बाहेर काढली.

जीभ निळी!

"अरे, इनकी कैसे?" बाबाच दचकले. "इनको तो सादा पत्ता दिया था..."

सादं? म्हणजे अन्नपूर्णाबाईंचं पान सादं नव्हतं! मास्तरांना सगळा डाव कळला. पण तोंडात फोड आल्यापासून डॉक्टरांनी पान बंद केलं होतं, इंदूताईंनी शपथ घातली होती. खरं सांगावं तर घरात महाभारत, गप्प बसावं तर एका बाईची भाकरी जाणार.

"मी मुन्शी घाटावर पान खाऊन आलोय," ते डोळे मिटून म्हणाले. "रोज खातो. चुना जादा."

मग त्यांनी लिंबू मागवलं. स्वतःच्या आणि अन्नपूर्णाबाईंच्या जिभेवर पिळलं. निळ्या जिभा सगळ्यांसमोर लाल झाल्या.

"हा रस चुन्यानं निळा होतो, लिंबानं लाल. त्यांच्या पानाला बाबांनी चुना फासला होता. मलेशियाच्या रानातलं साधं झुडूप हे. पोरं फळं खातात, कोवळा पाला भाजीत पडतो, पोट बिघडलं तर काढा देतात. त्याला चोर ओळखता येत नाही."

"पण चुना कुणाला द्यायचा, हे बाबांना कसं कळलं?" विश्वजीतनं विचारलं.

इंदूताईंनी मान खाली घातली. "सकाळी त्यांनी विचारलं, शक किस पर है. मी सांगून टाकलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं, तर पाट रिकामा. बाबा एव्हाना गंगेपलीकडच्या रामनगरच्या नावेत बसले असतील.

"फळ खोटं असेल," इंदूताई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पण घरातला खोटारडा बरोबर पकडलान!"

"अंधारात मारलेला दगड माझ्या टाळक्यात बसला, इतकंच," मास्तर पुटपुटले. अंगण हसलं. अन्नपूर्णाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"पूजेच्या दिवशी सूनबाईंनी घाईत नथ शालूतच गुंडाळली," त्या म्हणाल्या. "तेच सांगायला सकाळी आले होते. तर काकू म्हणाल्या, आता फळच बोलेल."

मालविका आत धावली. शालूची घडी उलगडली, नथ टपकन खाली पडली.

"चुकलं हो," म्हणत इंदूताईंनी सगळ्यांसमोर अन्नपूर्णाबाईंचे हात धरले.

"आधी माणसाला विचारायचं, मग आपल्या डोळ्यांनी बघायचं," मास्तर लोकांना म्हणाले. "विज्ञान म्हणजे एवढंच. जन्मभर शिकवलं, आणि आज पाट मांडताना नेमकं तेच विसरलो."