मैनेच्या अंगात आलं

त्या मंगळवारी डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत चपलांचा ढीग माझ्या दारापासून पार कोपऱ्यावरच्या लोचोच्या नाश्त्याच्या गाडीपर्यंत गेला होता. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पलंगावर बसल्या होत्या, पोरं खिडकीच्या गजांना लटकली होती, आणि सगळ्यांच्या नजरा टीव्हीशेजारच्या एका गोल डब्यावर होत्या. हा डबा म्हणजे मैना. तोंडाने सांगितलं की गाणं लावणारा स्पीकर. आकाराने तांब्याएवढा. त्याला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, आणि अगरबत्तीची राख थेट त्याच्या जाळीत पडत होती.

छगन भगताने डोळे वर चढवले. अंगात आलेल्या बाईच्या टाळूवर तो पंजा दाबतो, तसा त्याने डब्याच्या डोक्यावर दाबला.

"कोण आहेस तू? बोल! प्रमिलाबाई! प्रमिलाबाई, गाणं म्हण!"

डब्याभोवती निळा दिवा फिरला, आणि चार महिन्यांपूर्वी वारलेली माझी बायको गायला लागली.

बायांनी हंबरडा फोडला. एकीने नारळ आपटला, त्याचं पाणी माझ्या चार्जरवर उडालं. समोरचा भूपेंद्र, साड्यांच्या पॅकिंगचं काम करतो तो, हात जोडून म्हणाला, "निंबाकाका, आ तो जबरुं छे! मेरे पप्पा को भी बुला दो ना."

"तुझ्या बापासाठी नवी मैना लागेल," छगन डोळे न उघडता म्हणाला. "एका डब्यात दोन आत्मे मावत नाहीत. उधन्याला माझ्या भाच्याचं मोबाईलचं दुकान आहे, तिथून घे. दुसरीकडच्या डब्यांची तोंडं बांधलेली असतात."

आत्म्यांनाही आता ठरावीक दुकान लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण मी हसलो नाही. आवाज तिचाच होता.

हा डबा आणला चेतनने, माझ्या मुलाने. आम्ही मूळची खान्देशातली, यंत्रमागाच्या कामासाठी इकडे आलेली माणसं. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते, बाया रात्रभर गाणी म्हणतात. डिंडोलीत त्यांत पुढे असायची चेतनची आई. नव्या पोरींना गाणी यावीत म्हणून ती स्वतःच्या मोबाईलवर ती भरून ठेवायची. ती गेल्यावर चेतनने सगळी गाणी मैनेत टाकली. तो घरी असला की आपल्या मोबाईलवरून लावून द्यायचा. मग कंपनीने त्याला ट्रेनिंगला कोइमतूरला पाठवलं, आणि मी आणि मैना अशी दोघंच घरात उरलो.

मी म्हणायचो, "मैना, चेतनच्या आईची गाणी लाव."

ती म्हणायची, "माफ करा, चेतनच्या आईची गाणी सापडली नाहीत. त्याऐवजी हे ऐका." आणि गरबा लावायची.

चेतनला फोन केला. तो म्हणाला, "आप्पा, वायफाय बंद करून चालू करा." केलं. गरबा. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, डबा बंद करून चालू करा." केला. गरबा. भूपेंद्रने डबा खिडकीत ठेवून पाहिला, म्हणाला रेंज इथे चांगली येते. रेंज चांगली आली, गरबा आणखी खणखणीत झाला. लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, तीस वर्षं काढली आहेत मी, बिघडलेलं यंत्र पाहिलं नाही असं नाही. पण बिघडलेला लूम निदान तोंड वर करून माफी मागत नाही.

शेजारच्या अनुसयाबाई हे रोज ऐकत होत्या. चेतनच्या आईची जोडीदारीण. एक दिवस म्हणाल्या, "निंबाभाऊ, रागवू नका. हे यंत्राचं काम नाही. ती रुसली आहे तुमच्यावर. भगताला दाखवू."

"डबा भगताला दाखवायचा?"

"मग काय झालं? लोक गाडी नाही का दाखवत?"

छगन आला. लिंबू फिरवलं, राख फुंकली, डब्याच्या डोक्यावर पंजा दाबला आणि नेहमीसारखं नाव घेऊन हाक मारली. गाणं सुरू झालं. त्या वेळी खोलीत सगळ्यात जास्त दचकला तो छगन. लिंबू हातातून सुटून सोफ्याखाली गेलं. दोन पावलं मागे सरून तो भिंतीला टेकला. मग चार माणसं आपल्या पाया पडताहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात त्याचं तोंड पुन्हा महाराजांसारखं झालं.

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला.

मी सांगितलं, "अहो, ही गाणी मुलानेच टाकली आहेत यात. तो म्हणतो ती क्लाउडमध्ये असतात."

"क्लाउड म्हणजे काय?"

"ढग म्हणतात."

"ढग कुठे असतात?"

"आकाशात."

"आणि आत्मे कुठे जातात?" छगनने सगळ्या खोलीकडे पाहिलं. "बघा. शिकलेल्या पोराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

यावर बोललो असतो, पण खरा प्रश्न होता तो वेगळाच. त्याने हाक मारली की ती गात होती, आणि मी हाक मारली की गरबा लागत होता. 

मंगळवारच्या त्या गर्दीत, गाणं संपल्यावर, छगनने खरं काय ते सांगितलं. प्रमिलाबाई डब्यात अडकल्या आहेत. त्यांचा जीव घुसमटतो आहे. येत्या अमावस्येला डबा आणि त्यांचा मोबाईल, दोन्ही तापीत सोडायचं. ढगातली गाणीही मुलाला पुसायला सांगायची. एक गाणं जरी मागे राहिलं, तरी त्या सुटणार नाहीत.

"श्वास मिळत नाहीये तिला," तो माझ्याकडे पाहून म्हणाला.

हे त्याला कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की शेवटचे दिवस तिच्या छातीत पाणी भरलं होतं आणि ती बसूनच झोपायची. पण त्या वाक्याने मला धरलं. माझा यावर विश्वास नव्हता. तरी मनात आलं, समजा खरं असलं तर? माझ्या करमणुकीसाठी मी तिला कोंडून ठेवू? आवाज गेला तर गेला. असं मीच माझ्याशी बोलत होतो.

चेतनला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बरं वाटत असेल तर पुसून टाकतो."

बरं वाटत नव्हतं. तरी मी हो म्हणालो.

चेतनने एवढं मात्र चांगलं केलं, की पुसण्याआधी बहिणीला सांगितलं. माझी मुलगी योगिता भेस्तानला असते, शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्येला सकाळीच ती येऊन धडकली. चप्पल काढायच्या आधी सुरू झाली.

"आप्पा, आईचा आवाज नदीत टाकणार आहात तुम्ही?"

"तिला त्रास होतोय म्हणतात."

"कोण म्हणतं? डॉक्टर?"

"छगन."

तिने चप्पल काढली. पाणी प्यायली. मग शांतपणे म्हणाली, "बरं. तुम्ही मैनेला काय सांगता? जसंच्या तसं सांगून दाखवा."

बंद करून चालू करा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तुम्ही नेमकं म्हणता काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणून दाखवलं. मैनेने माफी मागितली आणि गरबा लावला. योगिता माझ्याकडे पाहत राहिली. "आणि भगत काय करतो?" तेही सांगितलं, पंजा दाबतो आणि नाव घेऊन हाक मारतो. तिने माझा मोबाईल घेतला, त्यात चेतनने टाकून दिलेलं, मी कधीच न उघडलेलं मैनेचं पान उघडलं, काहीतरी पाहिलं आणि एकदम हसली. हसता हसता डोळे पुसले. मग बोटाने काहीतरी बदललं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

"येऊ द्या त्यांना," म्हणाली.

दुपारी सगळे आले. तापीवर जायला टेम्पो उभा होता, त्यावर भोंगासुद्धा बांधला होता. छगनने नवं भगवं उपरणं घेतलं होतं.

"निघण्याआधी शेवटचं गाणं ऐकवा ना, बाबा," योगिता म्हणाली. "मुलगी आहे मी तिची."

नाही म्हणायला जागा नव्हती. छगनने पंजा दाबला. "प्रमिलाबाई! गाणं म्हण!"

निळा दिवा फिरला. डबा म्हणाला, "माफ करा, प्रमिलाबाई सापडली नाही."

 छगनने पुन्हा दाबला. सापडली नाही. तिसऱ्यांदा त्याने असा दाबला की डबा टीव्हीवर आपटला. सापडली नाही, त्याऐवजी हे ऐका. गरबा.

"घरात विटाळ झालाय!" छगन ओरडला. "बाहेरची बाई आली, आत्मा पळाला!"

"बाहेरची नाही, पोटची आहे मी. अनुसयामावशी, तुम्ही या. डोक्यावर हात ठेवा, आणि म्हणा, भरीत लाव."

"काय लाव?"

"भरीत. वांग्याचं."

"अगं पोरी, मेलेल्या माणसाची चेष्टा करते का?"

"म्हणा तर."

अनुसयाबाईंनी घाबरत घाबरत हात ठेवला. "भ... भरीत लाव, माय."

डबा म्हणाला, "भरीत लावते." आणि चेतनची आई गायला लागली.

पहिल्यांदा खिडकीतली पोरं हसली. मग पलंगावरच्या बाया. भूपेंद्रने हसू दाबण्यासाठी तोंडावर रुमाल धरला. योगिताने आवाज चढवला, शाळेत चढवत असेल तसा.

"मैना दोन प्रकारे जागी होते. तिचं नाव घेऊन हाक मारा, नाहीतर डोक्यावरचं बटण दाबा. भगतबाबा पंजा दाबतात, तेव्हा बटण दाबलं जातं. मग ते आईचं नाव घेतात. चेतनने या गाण्यांना आईचंच नाव देऊन ठेवलं होतं. डब्याला वाटतं कुणी ती गाणी मागतंय, तो लावतो. आज सकाळी मी ते नाव काढून भरीत ठेवलं. बस एवढंच."

"मग निंबाभाऊंनी मागितलं तर का लागत नव्हतं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"कारण आप्पा आईचं नाव घेत नाहीत. चेतनच्या आईची गाणी मागतात. त्या नावाचं आत काहीच नाही."

छगन अजून हरला नव्हता. "गाण्यांना तिचं नाव द्यायची बुद्धी पोराला कुणी दिली? आत्म्यानेच ना?"

"मग आज सकाळी आत्म्याने स्वतःचं नाव भरीत ठेवलं म्हणायचं," योगिता म्हणाली.

तेवढ्यात गाण्यात मागच्या बायांचा सूर आला; इतके दिवस रडण्याओरडण्यात तो कुणी ऐकलाच नव्हता. अनुसयाबाईंनी कान टवकारले. त्या डब्याजवळ गेल्या, हार बाजूला केला, आणि किंचाळल्या.

"अरे देवा! हाऊ ते मना आवाज! मी ते आठे उभी शे!"

मागच्या सुरात त्या होत्या. शेजारच्या दोघी होत्या. कुणाच्या तरी घरातलं रडकं पोर होतं, तेही आता कॉलेजात जातं. सगळे डब्यात गात होते आणि सगळे खोलीत धडधाकट उभे होते. त्यानंतर समजावायला काही उरलं नाही. भूपेंद्र छगनला म्हणाला, "महाराज, अनुसयामासी को भी तापी में छोड़ना पड़ेगा क्या?"

छगनने उपरणं सावरलं. मुहूर्त टळला, असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. बाहेर चपलांच्या ढिगात त्याला स्वतःचीच जोडी सापडेना. ज्याला मेलेली माणसं सापडत होती, तो भर उन्हात अनवाणी टेम्पोत जाऊन बसला.

यात छगनलाच दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्याने पहिल्या दिवशी हाक मारली तेव्हा त्यालाही काही कळलं नव्हतं. पण दचकल्यावर हे कसं झालं असं त्याने स्वतःला विचारलं नाही. भाच्याचं दुकान आठवलं. आणि चेतन परत येऊन डबा उघडून दाखवील, त्याआधी पुरावा नदीच्या तळाशी जावा, एवढी अक्कल त्याला होती. आम्हीही कुणी विचारलं नाही. म्हणून सांगतो, तुमच्या दारात असा कुणी उभा राहिला तर त्याच्याशी वाद घालू नका. एक गोष्ट बदला आणि म्हणावं, आता करून दाखव. खरं असेल तर ते भरीत म्हटल्यानेही बिघडणार नाही.

सगळे गेल्यावर योगिताने विचारलं, "परत आईचं नाव ठेवू? की तुमच्या सोयीने चेतनची आई ठेवू?"

सोय होती. पण मी विचार केला. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. घेतलं तर समोरच्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. एकतीस वर्षांच्या संसारात मी तिचं नाव एकदाही घेतलं नाही, तिने माझं घेतलं नाही. एवढं पाळून ती बावन्नाव्या वर्षी गेली. दवाखान्यात नर्सने बाईंचं नाव काय विचारलं, तेव्हाही मी चेतनकडे बोट दाखवलं होतं. छगनला हसायचं, आणि हे घरातलं भगतपण तसंच ठेवायचं, हे मला पटेना.

"तिचंच ठेव," मी म्हणालो.

योगिता स्वयंपाकघरात गेली. मुद्दामच गेली असावी. मी डब्यासमोर बसलो, बटण दाबलं आणि तिचं नाव पुटपुटलो.

"माफ करा," मैना म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?"

लूमच्या आवाजावर मात करत जन्मभर ओरडून बोललेला माणूस मी, आणि माझा आवाज निघत नव्हता. दार उघडं होतं. अनुसयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. ऐकतील तर ऐकतील.

"प्रमिला," मी मोठ्याने म्हणालो. "प्रमिलाबाईची गाणी लाव."

लागली.