दयारामची मूठ आणि मी

मी मिठाची पुरचुंडी बोलतेय. नाक मुरडू नका. शेकायला हल्ली रबरी पिशव्या मिळतात, विजेवर तापणारे पट्टे मिळतात. पण तव्यावर भाजून घ्यायची माझ्याइतकी तयारी त्यांच्यात कुणाची नाही.

माझे खडे दयारामच्या मिठागरातले, अगदी शेवटच्या हंगामातले. पुढे तिथे भराव पडला, गोदामं उभी राहिली आणि दयाराम-कृष्णाबाई पनवेलला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले. येताना कृष्णाबाईने मूठमूठ करून ते मीठ आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. माझा जन्म तो.

दयारामचा सगळा जन्म खाऱ्या पाण्यात गेलेला. म्हातारपणी त्याच्या बोटांचे सांधे धरले. रोज सकाळी मुठी अशा आवळलेल्या, जणू फावड्याचा दांडा अजून हातातच आहे! कृष्णाबाई मला तापवायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग करंगळीपासून एकेक बोट शेकायची.

"आवो, सोडा आता. मिठागर गेला, मूठ कशाला?" ती चिडवायची. तो हसायचा आणि बोटं मोकळी व्हायची.

एका सकाळी कृष्णाबाई उठलीच नाही. दयारामचा हात तिच्या हातात होता आणि तिची बोटं घट्ट मिटलेली. त्याने पडल्या पडल्या सुनेला हाक मारली, "विनिता, तवा ठेव गो. आज हिचा पण हात धरलाय."

विनिताने झोपेतच मला तापवून आणलं. दयारामने मला त्या बोटांवर धरलं, करंगळीपासून. माझी सगळी ऊब उतरली, पण एकही बोट हललं नाही. विनिताने सासूच्या कपाळाला हात लावला आणि शेजाऱ्यांना हाका मारत ती दाराकडे धावली. शेवटी शेजाऱ्यांनी ती बोटं ओढून सोडवली. मी उशाशीच होते. माझं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

मग मी त्याच खोलीत, फळीवरच्या डब्यात गेले. दयाराम शेक घेईना. डॉक्टरांनी समजावलं, "बाबा, उठल्यावर शेक घ्या, बोटं हळूहळू हलवा, गोळ्या चुकवू नका. नुसतं पडून राहिलात तर हात कायमचा वाकडा होईल." दयारामने मान डोलावली आणि घरी येऊन मूठ पांघरुणात लपवली. पुढे पुढे त्याला घासही उचलता येईना.

एका सकाळी विनिताने डबा उघडला. मला तापवून ती त्याच्याजवळ बसली. तो ओरडलाच, "नको! रोज पहाटे ती येते, माजा हात धरून बसते. त्या दिवशी तुमी सोडवलात. आता नाय सोडवायचा."

देवा रे! या वेड्याने दुखण्यालाच बायको मानलं होतं.

विनिताचे डोळे भरले. तिने मला आपल्या गालाला लावलं, अगदी सासूसारखं. "आबा, आईंनी तुमची मूठ एक दिवस तरी आवळलेली राहू दिली का? त्या आल्या, तर ती उघडायलाच येतील."

दयारामने हातावरचं पांघरूण बाजूला केलं. मग त्याला हुंदका फुटला आणि त्याने करंगळी पुढे केली.

आता तो रोज शेक घेतो, गोळ्या घेतो, बोटं हलवतो. भाकरी स्वतः मोडतो. माझं मात्र वय झालं. दर पावसाळ्यात मला पाणी सुटतं, खडे विरतात. विनिता, मीठ बाजारचं भर हवं तर, पण हे लुगडं टाकू नकोस.

कारण शेक झाला की दयाराम मला पुन्हा तापवायला लावतो आणि शेजारच्या, कृष्णाबाईच्या रिकाम्या उशीजवळ ठेवतो. त्याच्या हातात माझी ऊब खूप वेळ टिकते. तिकडे ठेवलं की मी बघता बघता गार पडते. ही ऊब कोण घेतं, हे त्याला सांगायला मला तोंड नाही.