माझ्यापुढून सगळे निघून जातात

मी घराचा पडदा बोलतोय. खऱ्या घराच्या दाराखिडक्यांना लावतात तो नव्हे. नाटक कंपनीतला, ज्याच्यावर घर रंगवलेलं असतं, तो. माझ्यावर एक दार आहे, एक खिडकी, भिंतीला टेकवलेली केरसुणी आणि दोरीवर वाळत घातलेला सदरा. तो सदरा इतक्या वर्षांत काही वाळलेला नाही.

मला कंपनीच्या मालकांनी, म्हणजे नानांनी, आपल्या हातानं रंगवलं. त्याच आठवड्यात जंगलाचा पडदाही रंगवला. सगळा हिरवा रंग, सगळी हौस त्याच्यावर खर्च झाली. माझ्या वाट्याला डब्याच्या तळाशी उरलेला मातकट रंग आला. तेव्हापासून मला त्या जंगलाचं तोंड बघवत नाही. उगाच गोड बोलून काय करू?

नानांनी नाटकं पुष्कळ लिहिली. कशात नायक राजपुत्र, कशात कुंभार, कशात खलाशी. नाव बदलतं, मिशी बदलते, बाकी तेच. नायक माझ्यापुढे बसलेला असतो. कोणीतरी धापा टाकत संकटाचा निरोप आणतं. तो म्हणतो, "छे, मला नाही जमायचं." मग काठी टेकत एक म्हातारा येतो, त्याला चार शब्द सुनावतो, हातात काहीतरी देतो आणि स्वारी निघते. नाना म्हणायचे, "गोष्टीचं हाड एकच असतं. आपण फक्त वरचं मांस बदलायचं."

तो निघाला की मला वर गुंडाळून घेत. मग जंगल, दऱ्या, राक्षस, जिवाभावाचे मित्र, दगा देणारे मित्र, सगळी मजा त्या जंगलाच्या पुढ्यात! मी वर बांबूला लटकून नुसता ऐकायचो. तलवारींचा खणखणाट, प्रेक्षकांचे श्वास, टाळ्या. अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळं उरकलं की मला खाली सोडत. नायक फाटक्या बाहीनं परत येई, "आई, मी आलो" म्हणे, आणि खेळ संपे.

त्या आईचं काम कायम माईंकडे. एरवी त्या कंपनीचे कपडे शिवत. मधल्या प्रवेशांत विंगेत बसून काजं-बटणं करताना त्यांचे ओठ हलत असायचे. नायकाची सगळी भाषणं त्यांना तोंडपाठ होती. राजे, म्हणजे आमचे कायमचे नायक, कुठे अडखळले तर माईंच्याच तोंडाकडे बघत. मला वाटायचं, आपल्यासारखं जळणारं कंपनीत आणखी एक माणूस आहे. तेवढाच जिवाला आधार.

मग लढाईत राजेंचा भाला घुसून जंगलाला हे एवढं भोक पडलं. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. पण ते सुख फार टिकलं नाही.

"माई, घरचे दोन्ही प्रवेश काढून टाकतोय," नाना म्हणाले. "सुरुवातच जंगलात करू. लढाई झाली की लोक पिशव्या आवरायला लागतात. घर बघायला थांबतंय कोण?"

"मग तो जिवंत आहे हे आईला कळणार कसं?" माईंनी विचारलं.

"प्रेक्षकांना कळलं ना? पुरे झालं."

राजे आरशापुढे मिशी चिकटवत होते. ते म्हणाले, "माई, राग मानू नका. पण डोंगरावर मी एकटा असतो तेव्हा टाळ्या माझ्या असतात. घरी आलो की सगळे तुमच्याकडेच बघतात."

म्हणजे यालाही पोटदुखी होतीच!

"आणि हा घराचा पडदा आता रिकामाच आहे," नाना जाता जाता म्हणाले. "तो कापून जंगलाला ठिगळ लावा."

मला कापून त्याला ठिगळ! माईंनी खडू घेतला आणि माझ्या दारावरून, खिडकीवरून रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या. कात्री उचलली आणि परत ठेवली. "आजचा प्रयोग होऊ दे," त्या पुटपुटल्या. "आधी राजेंच्या बाह्या व्हायच्यात." खडूच्या खुणांसकट मला वर गुंडाळलं गेलं.

त्या संध्याकाळी खेळ जंगलातच सुरू झाला. ठरल्याप्रमाणे सगळं चाललं. राजेंनी राक्षस मारला, औषधाची कुपी मिळवली, डोंगरावर चढून तलवार उंचावली. अंधार झाला. आता दर्शनी पडदा पाडायचा, की खेळ खलास.

पण दोऱ्या ओढणाऱ्या काकांचा हात त्यांच्या डोक्याच्या आधी चालतो. लढाईनंतर अंधार झाला की घर सोडायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक. त्यांनी मला सोडलं. दिवे लावणाऱ्यानं घर आलेलं बघितलं आणि सवयीनं दिवे लावले. अंगभर खडूच्या रेघा मिरवत मी सगळ्यांपुढे उभा, आणि माझ्यापुढे तलवार धरून राजे. प्रेक्षक एकमेकांकडे बघायला लागले. हे कोणाचं घर, त्यांना काय माहीत?

राजे गोंधळले आणि त्यांच्या तोंडून सवयीचं तेच वाक्य निघालं, "आई, मी आलो."

विंगेतून माई आल्या. गळ्यात मापाची पट्टी, पदराला सुया टोचलेल्या. त्यांनी राजेंकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आलास? बरं झालं," त्या म्हणाल्या. राजेंच्या हातातली तलवार त्यांनी काढून घेतली. "आता घर तू बघ. मी निघते."

"अहो माई, कुठे?" राजेंनी खरोखरच विचारलं.

"तू गेला होतास तिकडेच. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, एकदा बघून तरी येते."

आणि त्या रंगमंचावरून उतरल्या, प्रेक्षकांच्या मधून चालत मागच्या दारानं बाहेर पडल्या. आधी कोणीतरी हसलं. मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. राजे कुपी हातात धरून माझ्यापुढे खांबासारखे उभे होते.

पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. आमच्यातलं कोणीतरी गेलं! दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, आमच्यातलं कोणी नाही, त्या एकट्याच गेल्या. मी तिथेच होतो.

माई बाहेरून वळसा घालून विंगेत परतल्या, आणि त्या टाळ्यांमुळे माझी कात्री टळली. घराशिवाय माई निघणार कुठून? नानांनी घरचे दोन्ही प्रवेश परत घेतले आणि नवं नाटक लिहिलं. हाड तेच. आता राजे आजोबा होऊन माझ्यापुढे कुरकुरत बसतात. माई "छे, मला नाही जमायचं" म्हणतात आणि तलवार घेऊन निघतात. जंगलाचं भोक जुन्या चादरीनं बुजवलंय. रोज खेळ संपल्यावर जंगल मला माईंच्या लढाईच्या गोष्टी रंगवून सांगतं. मी ऐकल्यासारखं करतो आणि आतल्या आत जळतो.

शेवटच्या प्रवेशात माई परत येतात. येतात, आणि माझ्याकडे पाठ करून टाळ्यांकडे तोंड करतात. आजवर किती नायक असे उभे राहिले, मला कधी काही वाटलं नाही. माईंची पाठ मात्र लागते.

मंडळी, जाणाऱ्याला टाळ्या वाजवा, माझी काही तक्रार नाही. पण टाळ्या ओसरल्या की एकदा त्याच्या मागेही नजर टाका. तिथे कोणीतरी सगळा वेळ उभं असतं. त्याला विचारा, "बाबा रे, तुला कुठे जायचं होतं का?"

मला आजवर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. फार लांब नाही हो, फक्त पुढच्या प्रवेशापर्यंत.